डोहवाडीच्या माईकची निवडणूक

डोहवाडीच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटावरचा माईक कुणाच्या हातात द्यायचा, यावरून यंदा गावात जेवढं रान पेटलं तेवढं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही कधी पेटलं नव्हतं. पंचायतीत कुणीही निवडून आलं तरी नळाला पाणी तेवढंच येतं, हे गाव अनुभवानं शिकलेलं. घाटाचं तसं नाही. चढाची माती, चार बैलांचा गाडा, पुढं पळणारी घोडी, आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर गाडा निशाणापार. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांत संपते, पण ती माणसाच्या अंगात वर्षभर चढून राहते ती निवेदकामुळं. तो ‘झाली’ म्हणाला की बारी झाली. त्यानं सेकंद पुकारले की तेच खरे, मग गाडामालक कितीही मोठा बागायतदार असो, त्यानं मान खाली घालून बैल सोडायचे.

हा माईक आजवर गेणभाऊंनी सांभाळला होता. त्यांच्या एका आरोळीनं घाटाच्या दोन्ही कडेची माणसं उठून उभी राहायची. या हिवाळ्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, “बाबा, कानात बोलल्यासारखं बोला. ओरडलात तर मग माझ्याकडं येऊ नका.” गेणभाऊंनी फेटा काढून कपाळ पुसलं आणि यात्रा कमिटीला निरोप धाडला, की दुसरा माणूस बघा.

दुसरा माणूस एक असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. उभे राहिले तीन. वरच्या आळीचा आदेश, ज्याचा आवाज असा की त्यानं गोठ्यात हाक मारली तर शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागावीत. मळ्यातला मोहित, ज्याचा आवाज बेताचा, पण तालुक्यातल्या प्रत्येक नामांकित बैलाची आई, बाप आणि बाजार त्याला तोंडपाठ. आणि तिसरी, मधल्या आळीतल्या सयाजीची थोरली पोरगी समृद्धी.

समृद्धी अवसरी खुर्दच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. रोज सकाळी जीपच्या मागच्या फळीवर अर्ध्या ढुंगणानं बसून हायवे गाठणारी, बोलायला चटपटीत आणि हिशेबाला पक्की. घरामागच्या विहिरीत तोंड घालून ती लहानपणापासून बाऱ्या पुकारायची, कारण विहिरीत आवाज भोंग्यासारखा घुमतो. पण ते ऐकायला विहिरीतले पारवे आणि फार तर तिची आई. बाकी गावाला तिचा आवाज ठाऊक नव्हता. गावाला ठाऊक होतं एवढंच, की पोरगी हुशार आहे आणि तिला बापाचं भय नाही. तिला मात्र हा माईक हवा होता. हौस म्हणून नव्हे, गावाला दाखवून द्यायचं म्हणूनही नव्हे. घाट भरला, बैल जुंपले, घोडी पुढं गेली की तिच्या छातीत जे धडधडायचं ते तोंडावाटे बाहेर काढायला दुसरी जागाच नव्हती.

निवड कशी करायची ते ठरवायला दादाभाऊंनी रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात गाव जमवलं. दादाभाऊ यात्रा कमिटीचे अध्यक्ष, आणि त्यांचा आयुष्यभराचा धंदा म्हणजे भांडण व्हायच्या आधी मिटवणं.

“माझं ऐकाल तर बिनविरोध करू,” ते म्हणाले. “दोघांनी माघार घ्यायची. गावात कटुता नको.”

“कुनी घ्यायची माघार?” मळ्यातून कुणीतरी विचारलं.

दादाभाऊंची नजर आपोआप समृद्धीकडं गेली. बिनविरोधचं हे असंच असतं. कटुता होत नाही हे खरं, कारण ज्याच्या तोंडाला ती लागते त्याला आधीच गप्प केलेलं असतं. समृद्धीनं दादाभाऊंच्या नजरेला नजर दिली आणि जागची हलली नाही.

“मग हात वर करा की राव,” आदेशचा चुलता म्हणाला. “ज्याला जास्त हात त्याचा माईक. पाच मिन्टाचं काम.”

वरच्या आळीनं लगेच माना डोलावल्या. डोलावणारच. भावकीत त्यांची डोकी सगळ्यात जास्त. पण मोहितही काही दूधखुळा नव्हता. तो उठून म्हणाला, “तीन जन उभं हायेत. शंभरातलं चाळीस हात वर गेलं तरी आदेश येनार, आन साठ लोकान्ला तो नको आसला तरीबी येनार. ह्याला काय गावाची पसंती म्हनायची? आन हात वर करताना प्रत्येक जन आधी भावकीच्या तोंडाकडं बघनार.”

“मग तुज्या मनात काय हाय?”

“कमिटीनं ठरवावं. सगळ्या गावाला बैलातलं कळतंच आसं न्हाई.”

यावर सभामंडपात हशा पिकला, कारण कमिटीत मळ्यातली माणसं जास्त हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सरपंचाची आठवण निघालीच. मधे काही वर्षं सरपंच मेंबरांतून निवडायचे, तेव्हा निवडीच्या आदल्या आठवड्यात मेंबर सहकुटुंब देवदर्शनाला गायब व्हायचे आणि थेट मतदानाला गाडीतून उतरायचे. आता सरपंच थेट जनतेतून आहे, तर सरपंच एका गटाचा, मेंबर दुसऱ्या गटाचे, आणि ठराव कुणाचाच पास होत नाही. दोन्ही तऱ्हा गावानं भोगल्या होत्या. कोणती बरी, यावर दोघा म्हाताऱ्यांची तिथंच जुंपली.

मग दलीचंदशेठ बोलले. शेठचं घराणं मारवाडातून आलेलं, पण ते इतक्या पिढ्यांपूर्वी की आता शेठची मराठी गावापेक्षा रांगडी. किराणा दुकान चौकातच, आणि गावात त्यांना भावकी नाही, म्हणून कुठलीही मोजणी आली की गाव त्यांच्याकडं बघतं. “देवापुढं चिठ्ठ्या टाका,” शेठ म्हणाले. “बारक्या पोराला उचलायला लावा. कुनावर राग नाय, रुसवा नाय.”

“आन देवानं तोतऱ्याची उचलली मंजी?” मागून धोंडाबाईंनी विचारलं. “घाटात बोलायचं मानसाला हाय शेठ, देवाला न्हाई.”

धोंडाबाई आदेशच्या चुलत आजी. गावात त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. शेठ हसून खाली बसले.

एवढा वेळ समृद्धी गप्प बसून डोकी मोजत होती. आणि मोजता मोजता तिच्या अंगावर काटा आला. हात वर करायला लावले तर आदेश. कमिटीनं ठरवलं तर मोहित. चिठ्ठी टाकली तर देव जाणे. माणसं तीच, गाव तेच, सभामंडप तोच, आणि नुसती मोजायची रीत बदलली की नवरदेव बदलतो! कॉलेजात कुठल्याही गणितानं तिला इतका आनंद दिला नव्हता. मग तिनं आपल्या नावानं रीत शोधायला सुरुवात केली, आणि ती सापडायला वेळ लागला नाही. वरची आळी मोहितला जन्मात मत देणार नाही. मळा आदेशला देणार नाही. पण तिच्यावर कुणाचाच राग नव्हता.

ती उठली. “पदवीधरांच्या निवडणुकीत आसतं तसं करू. पसंतीचे नंबर. तिघांची नावं लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाला द्यायची. जो आवडतो त्याच्यापुढं एक, त्याच्या खालोखाल दोन, मग तीन. कुनाला निम्म्याच्या वर एक नंबर मिळालं तर तो निवडून आला. न्हाई मिळालं तर ज्याला सगळ्यात कमी एक नंबर, तो बाद. त्याच्या चिठ्ठ्यांवर दोन नंबर ज्याला हाय, त्याच्या ढिगात त्या चिठ्ठ्या टाकायच्या. कुनाचं मत वाया जात न्हाई, आन निवडून येनाऱ्याच्या मागं निम्मा गाव आसतो.”

“त्यापरीस पुन्यांदा मतदान घ्यावं, पयल्या दोघांत,” कुणी सुचवलं.

“मळ्यातली मानसं कांदा काढनी सोडून दोनदा येतील का? ह्यात दोन निवडनुका एकाच चिठ्ठीत होत्यात.”

हे मळ्याला पटलं. वरच्या आळीला वाटलं, आपली डोकी जास्त, आपल्याला काय भीती. गेणभाऊ दादाभाऊंच्या कानाशी लागले आणि दादाभाऊंनी त्यांचं म्हणणं मोठ्यानं सांगितलं. “गेणभाऊ म्हनत्यात, कुस्तीसारखी जोड लावा. ह्याची त्याच्याशी, त्याची हिच्याशी. जो बाकीच्या दोघांना चीत करील तो पैलवान.”

“गेनभाऊ, त्याला तीनदा मोजावं लागंल,” समृद्धी घाईनं म्हणाली. “आन तीन जोड्यांत तीन जिंकलं तर? ह्यानं त्याला पाडलं, त्यानं तिला, तिनं ह्याला. मग बसा बोंबलत.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. गेणभाऊंनी मान डोलावली. गावानं हात वर करून पसंतीच्या नंबरांना मंजुरी दिली. समृद्धी घरी गेली ती उड्या मारत. एकवीस वर्षांची घोडी, पण बापाच्या देखत उंबऱ्यावरून उडी मारून आत गेली.

मग प्रचार. मतदान पुढच्या रविवारी, आणि त्या आठवड्यात समृद्धी कॉलेजला गेली ती नावाला. पहिल्याच दिवशी ती धोंडाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली.

“पोरी, तू गुनाची हायेस,” धोंडाबाई म्हणाल्या, “पन आदेश माज्या दिराचा नातू. त्याला डावलून तुला मत दिलं, तर उद्या माज्या मयताला कोन येईल?”

आणि इथं समृद्धीच्या तोंडून ते वाक्य गेलं, ज्याचा तिला पुढचे सहा दिवस अभिमान वाटत राहिला. “आजी, एक नंबर आदेशलाच द्या. भावकी मोडू नका. मला फकस्त दोन नंबर द्या.”

धोंडाबाईंचा चेहरा असा खुलला की विचारू नका. भावकीही राहिली आणि पोरीचं मनही राहिलं. त्यांनी तिला चहा पाजला. समृद्धीला वाटलं, किल्ली सापडली! मग काय, वरच्या आळीत घरोघर, मळ्यात वस्तीवस्तीवर तिचा एकच मंत्र. एक नंबर तुमच्या माणसाला, दोन नंबर मला. माणसं आनंदानं हो म्हणायची. आजवर मत मागायला येणारा माणूस कुणाला तरी सोडायला लावायचा, ही पोरगी कुणालाच सोडायला लावत नव्हती. मळ्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर तिला टोपलीभर वांगी दिली. गावात तिचीच हवा झाली. आदेश आणि मोहित पारावर एकमेकांकडं पाठ करून बसायचे आणि दोघंही तिच्याकडं संशयानं बघायचे.

आई एकदा म्हणाली, “अगं, एखाद्याला माईकवर बोलून तरी दाखव.”

“काय गरज हाय? हिशेब जमलाय सगळा,” समृद्धी म्हणाली.

हवा झाली की माणसं काय करतात ते तिच्या हिशेबात नव्हतं. मधल्या आळीत, तिच्या स्वतःच्या आळीत, लोकांनी विचार केला, की समृद्धी तर निवडून आल्यातच जमा आहे. मग आपला एक नंबर मळ्यातल्या व्याह्याच्या माणसाला दिला तर व्याह्यालाही बरं वाटेल. तीच तर घरोघर सांगत होती, की एक नंबर नात्याला द्या. गावानं तिचं ऐकलं, आणि जरा जास्तच ऐकलं.

रविवारी सभामंडप फुलून गेला. दलीचंदशेठनं दुकानातला तेलाचा रिकामा डबा धुऊन, झाकणाला चीर पाडून आणला होता. चिठ्ठीवर तिघांची नावं आणि चिन्हं, आदेशला चाक, मोहितला घुंगरमाळ, समृद्धीला भोंगा. लिहिता न येणाऱ्यांनी एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा ओढायच्या. पडद्यामागं एक जण, बाहेर रांग. म्हाताऱ्या बायका पडद्यामागं इतका वेळ लावत होत्या, की बाहेर लोक ओरडू लागले, “आजी, सोयरीक जमवताय का मत देताय?” डब्याचं तोंड उघडेपर्यंत उन्हं डोक्यावर आली होती.

शेठनं सतरंजीवर चिठ्ठ्यांचे तीन ढीग घालायला सुरुवात केली. सगळं गाव त्या सतरंजीवर ओणवलं. चाक, चाक, घुंगरमाळ, चाक, भोंगा. आदेशचा ढीग वाढला की वरची आळी शिट्ट्या मारी, मोहितचा वाढला की मळा टाळ्या पिटी. समृद्धी खांबाला टेकून उभी होती. सुरुवातीला तिला वाटलं, अजून डब्यात पुष्कळ आहेत. मग डबा अर्धा झाला. मग शेठनं डबा उलटा करून तळ वाजवला.

“एकूण तीनशे,” शेठनं दोनदा मोजून सांगितलं. “आदेश एकशेवीस. मोहित शंभर. समृद्धी ऐंशी. निम्म्याच्या वर कुनीच नाय.”

ऐंशी! गावात हवा तिची, वांगी तिला, आणि ढीग सगळ्यात बारका तिचा. शेठनं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. चांगला माणूस. त्यांना बोलणं जड जात होतं.

“सगळ्यात कमी ज्याला तो बाद, आसा नियम ठरलाय,” शेठ म्हणाले. “समृद्धी, आधी तुजाच ढीग फोडावा लागनार गं.”

“फोडा,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग जे झालं ते बघायला अख्ख्या तालुक्यानं यायला हवं होतं. तिच्या ऐंशी चिठ्ठ्या शेठ एकेक उचलत आणि दोन नंबर कुणाला आहे ते बघून त्या ढिगात टाकत. मोहित, मोहित, आदेश, मोहित. आदेशची आघाडी वितळायला लागली. वरच्या आळीच्या शिट्ट्या थांबल्या, मळा गुडघ्यांवर उभा. आदेश, मोहित, मोहित. मोहितच्या बापानं डोळे मिटून देवाकडं तोंड केलं. समृद्धीचं दुःख क्षणभर बाजूला राहिलं. तिचे ओठ आपोआप हलू लागले, आली आली आली, घोडी आली, मागून गाडा आला. स्वतःचीच मतं लोकांच्या पदरात पडताना बघून तिच्या छातीत तेच धडधडत होतं जे घाटात धडधडायचं. शेवटची चिठ्ठी मोहितच्या ढिगात पडली.

“मोहित एकशेबावन्न, आदेश एकशेअठ्ठेचाळीस.”

मळ्यानं मोहितला खांद्यावर घेतलं. वरच्या आळीनं दादाभाऊंना घेरलं.

“आसं कसं? एक नंबरची मतं आमच्या पोराला जास्त हायेत. बघा, ढीग बघा!”

“नियमात बसतंय ते झालं,” मळा ओरडला.

गेणभाऊ इतका वेळ सतरंजीच्या कडेला बसून आदेश-मोहितच्या ढिगांतल्या चिठ्ठ्या चाळत होते. त्यांनी शेठचा सदरा ओढला आणि कानात काही सांगितलं. शेठनं चिठ्ठ्या भराभर बघितल्या. मग आणखी बघितल्या. आणि त्यांचा आवाज नकळत चढला.

“आदेशच्या ढिगात दोन नंबर जवळजवळ सगळे समृद्धीला! मोहितच्याबी ढिगात तसंच! जोड लावली तर ही पोरगी दोघांनाबी चीत करतीय राव!”

सभामंडपात आधी कुजबुज, मग गलका. “मी दोन नंबर दिला व्हता तिला.” “मीबी.” “आमच्या घरातनं चारी मतं, दोन नंबर तिलाच.” बायका गर्दीतून वाट काढत समृद्धीपाशी यायला लागल्या. प्रत्येक बाई मोठ्या प्रेमानं तिचा हात धरी आणि सांगे, “तू सांगितल्यासारखा दोन नंबर दिला बघ.” समृद्धी मान हलवत होती. एकेक ‘दोन नंबर’ तिला सुईसारखा टोचत होता आणि हात काही तिला सोडवून घेता येत नव्हता.

“मग तिलाच द्या माईक,” कुणीतरी म्हणालं. “दोघान्लाबी भारी हाय ना? मग झालं.”

“जोडच लावा, गेनभाऊ बरुबर म्हनत व्हतं.”

“मग हात वर करूनबी मोजा की, आमचा आदेश येतोय.”

चिठ्ठ्या त्याच, आणि तीन माणसं निवडून आलेली! मळ्यातल्या एकानं वरच्या आळीतल्या एकाची कॉलर धरली. दादाभाऊ देवळाच्या माईकवरून “शांतता, शांतता” म्हणत होते, पण ते कुणाच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. शेवटी त्यांनी समृद्धीला हाताला धरून पुढं ओढलं. “पोरी, ही रीत तुजी. तूच सांग काय करायचं. तू म्हनशील तसं करतो. जोड म्हन, जोड लावतो.”

आणि त्यांनी माईक तिच्या हातात दिला.

माईक गार होता, आणि तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड. समोर मोहित लोकांच्या खांद्यावरून खाली उतरला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एक शब्द बोलायचा अवकाश. आणि ती लबाडीही ठरली नसती. गावाला खरोखर तीच चालत होती, हे चिठ्ठ्या ओरडून सांगत होत्या. तिला माईक हवा होता. इतका हवा होता की तिनं ‘जोड’ म्हणायला तोंड उघडलं. मग तिच्या डोळ्यांपुढं घाट आला. यात्रेचा दिवस, पहिलाच मोठा गाडा, मालक नावाजलेला, आणि तिनं पुकारलेले सेकंद त्याच्या मनाविरुद्ध. तो माणूस गर्दीदेखत काय म्हणेल, ते तिला शब्दन्‌शब्द ऐकू आलं.

“ऐका!” ती म्हणाली.

भोंग्यातून तो आवाज निघाला आणि देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले. कॉलर धरलेल्यानं कॉलर सोडली.

“ऐका मंडळी, ऐका! बारी झाली! झाली, झाली, झाली! आदेश पुढं निघाला व्हता, निम्मा घाट त्यानंच मारला, पन निशानावर मोहित पवचला, चार मतांनी पवचला! हरलेल्या गाड्याची मतं वाटून झाली, आन त्यो हरलेला गाडा माजा व्हता! आता तुमी मला सांगा, गाडा पळून गेल्यावर कुनी निशान खाली सरकवून नंबर मागितला, तर त्याला तुमी काय कराल?”

“घाटातनं हाकलू!” दोन-चार जण एकदम म्हणाले.

“मग निशान सरकवून मी माईक घेतला, तर उद्या कुठल्या गाडामालकाला ‘तुमचं सेकंद जास्त हायेत’ म्हनून कुठल्या तोंडानं सांगू? नियम मी आनला. त्यात खोट हाय, सगळ्यान्ला चालनारा मानूस त्यात आधी मरतो. हात वर करन्यातबी खोट हाय, जोडीतबी हाय. पुढल्या सालचा नियम यात्रा झाल्याव दुसऱ्या दिवशी ठरवा, कोन उभं ऱ्हानार ते कुनालाच ठाऊक नसताना. मंजी कुनी माज्यावानी डोकी मोजत बसनार न्हाई. पन ही बारी झाली. निवेदक मोहित! वाजवा टाळ्या!”

टाळ्या पडल्या. कुठं पडणार नाहीत? असा आवाज लागला होता की वरच्या आळीनंसुद्धा वाजवल्या. मनातल्या मनात समृद्धी वाट बघत होती, की कुणीतरी म्हणावं, हिचं काही ऐकू नका, माईक हिलाच द्या. एखाद्यानं तरी म्हणावं. कुणी म्हणालं नाही. तिनं इतकं चांगलं पटवून दिलं होतं की सगळ्या गावाला पटून गेलं होतं. तिला गावाचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि तरीही आनंद मावत नव्हता, कारण पुकारली ती बारी खरी पुकारली होती.

तिनं माईक मोहितच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला.

धोंडाबाई गर्दीतून काठी टेकत पुढं आल्या. त्यांनी समृद्धीची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडं वळवलं.

“एवढा आवाज हाय व्हय गं तुजा?” त्या म्हणाल्या. “आठवडाभर ओट्याओट्यावर बसून नंबर शिकवत व्हतीस. एक डाव आशी वरडून दाखवली आसतीस, तर भावकी गेली आसती खड्ड्यात. एक नंबर दिला आसता मी तुला.”

समृद्धीला आधी हसू आलं. मग ती धोंडाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून सगळ्या गावासमोर रडली.